दहापैकी तीन

कोरी लमच्या हातात कागद होता, एवढंच झालं. शुक्रवारी सकाळी साडेआठला डॉरीनच्या दुकानात गार्थ इबट्सन रांगेत चौथा उभा होता. पुढे दोन रंगारी, त्यांच्यापुढे कोरी: कानांवर ओढलेली लोकरी टोपी, क्लबचा निळा ट्रॅकसूट आणि डाव्या हातात वहीचं फाडलेलं पान. संघात जो सर्वांत लहान, त्याने शुक्रवारी सगळ्यांची न्याहारी आणायची असा अ‍ॅकर्स्ली क्लबचा रिवाज होता, आणि या वर्षी सर्वांत लहान कोरी होता, एकोणीस वर्षांचा. डॉरीन तव्यावरचं बेकन उलटत होती. तिने ते पान बघितलं आणि उलथनं हवेतच धरलं. "हे काय रे राजा? आज कागद? नोव्हेंबरपासून एका दमात सतरा जणांचं म्हणून दाखवतोस. कोणाला लाल सॉस, कोणाला तपकिरी, कोणाचं अंडं फुटलेलं चालत नाही. मी आमच्या पोरींना सांगते, हा रग्बीत फुकट चाललाय, याला कोणीतरी वकील करा." "झोप झाली नाही, डॉरीन," कोरी म्हणाला. "कोण आहे ती?" डॉरीनने विचारलं, रंगारी हसले, कोरीही हसला, पण हसताना मान मागे टाकायची त्याची सवय होती, ती आज त्याने टाकली नाही. मान जागच्या जागी ठेवून तो नुसता तोंडाने हसला. मग वाचायला लागला. वाचताना कागद त्याने आधी डोळ्यांजवळ आणला, मग लांब नेला, मग पुन्हा जवळ आणला.

गार्थ रांगेतून निघून बाहेर फुटपाथवर येऊन उभा राहिला. काच आतल्या वाफेने धुरकटली होती आणि तिच्यातून कोरी नुसता एक निळा डाग दिसत होता. दहापैकी तीन, गार्थच्या डोक्यात आलं. ते कुठून आलं हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला, आणि तो क्षण त्याला आवडला नाही. हल्ली असे क्षण तो मनातल्या मनात मोजत असे. डिसेंबरातली चाचणी. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडूचं डोकं धडधाकट असताना कसं चालतं ते नोंदवून ठेवायचं, म्हणजे पुढे मार बसला की तुलना करता येते. डॉक्टर हेस्टर ओल्डरॉइड दहा शब्द सावकाश म्हणतात आणि खेळाडूने आठवतील तेवढे परत म्हणायचे. मग आकडे उलटे, महिने उलटे, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं. त्या दिवशी त्यांचा मदतनीस आजारी होता म्हणून नोंदी गार्थने केल्या होत्या. कोरीने तीन शब्द सांगितले, छताकडे बघितलं, ओठ चावला, आणि गयावया केल्यासारखं हसला. "काही मुलांचं असतं असं," मागाहून डॉक्टर म्हणाल्या होत्या. गार्थला इतकं वाईट वाटलं की त्याने पोराला दर मंगळवारी वाचन शिकवायला एक निवृत्त शिक्षिका लावून दिल्या. सहा मंगळवार कोरी त्या बाईंसमोर अक्षरांवर बोट ठेवून निमूट वाचत बसला होता. ज्याला सतरा जणांची न्याहारी तोंडपाठ, तो. गार्थला हसू यायला हवं होतं, कारण एवढ्या चिकाटीने निभावलेलं खोटं त्याने अख्ख्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण गेल्या शनिवारी राखीव संघाच्या सामन्यात एका आडदांड माणसाला पाडताना कोरीचं डोकं त्याच्या मांडीवर आपटलं होतं. लगेच चाचणी झाली, तीन शब्द. बुधवारी पुन्हा झाली, चार शब्द. डिसेंबरात तीन, आता चार, म्हणजे उलट सुधारणाच. डॉक्टरांनी सही केली. त्याच दिवशी पहिल्या संघात एकाचा गुडघा गेला आणि परवाच्या रविवारी कोरी लम पहिल्यांदा मोठ्या मैदानात उतरणार हे ठरलं.

गार्थच्या वेळी चाचणी नव्हती. वॉल्टर होता. वॉल्टर बादली आणि स्पंज घेऊन धावत यायचा, गार पाणी मानेवर पिळायचा आणि विचारायचा, किती बोटं? आणि नेहमी दोनच बोटं दाखवायचा. नव्याने आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगून ठेवायचं, वॉल्टरने विचारलं की दोन म्हण. वॉल्टरलाही ते माहीत होतं. तो प्रेमळ माणूस होता आणि कोणालाही खेळाबाहेर काढणं त्याच्या जिवावर यायचं. चषकाच्या उपांत्य सामन्यात, बावीस वर्षांचा असताना, शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवर गार्थने जो माणूस अडवला त्यावर गाव अजून त्याला बिअर पाजतं. गार्थला त्यातलं काहीही आठवत नाही. बसमधून उतरल्याचं आठवतं, आणि मग एकदम संध्याकाळी आईने पुढे ठेवलेलं वाटाण्याचं सूप, त्यात तरंगणारा हॅमचा तुकडा. मधला दिवस त्याने टेपवर पाहून पाठ केला आहे. गुत्त्यात कोणी विचारलं की तो हातवारे करून सांगतो, मी डावीकडून आलो, खांदा खाली घातला, आणि सांगताना प्रत्येक वेळी त्याला आपण मेलेल्या भावाची गोष्ट सांगतोय असं वाटतं, ज्याचे कपडे आपल्याला बरोबर बसतात. जिंकलो होतो. सगळे म्हणतात, जिंकलो होतो. गेल्या वर्षापासून तो दाढी करताना आरशासमोर महिने उलटे म्हणतो. डिसेंबर, नोव्हेंबर. कधीकधी ऑगस्टपाशी थांबतो, आणि साबण वाळून गालांवर ताणत जातो. बायकोला त्याने हे सांगितलेलं नाही. खेळाडूंच्या भल्याबुऱ्याची चौकशी करणं हे त्याचं कामच आहे, दारावर तशी पाटी आहे. त्या खोलीत पोरं येऊन घरची आठवण येते म्हणून रडतात, गाडी चालवायचा परवाना कसा काढायचा विचारतात, अठराव्या वर्षी क्लबने नारळ दिला की भिंतीकडे बघत बसतात, आणि गार्थ त्यांना नळकाम, सुतारकाम, काहीतरी लावून देतो, कारण गुडघा गेला तरी हात राहतात. स्वतःसाठी त्या खोलीत तो कधी बसला नव्हता.

दुकानाचं दार उघडलं आणि कोरी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर आला. उजेडात येताच त्याने डोळे बारीक केले. गार्थने एक पिशवी घेतली आणि दोघे मैदानाच्या दिशेने चढ चालू लागले.

"किती दिवस दुखतंय?"

"काय?"

"डोकं."

"नाही दुखत."

"मग डोळे का मिटतोस?"

"ऊन आहे, इबो. मार्चमधलं ऊन लागतं डोळ्यांना."

आभाळ राखेच्या रंगाचं होतं. ऊन कुठेच नव्हतं. चार पावलांनी कोरीने स्वतःच वर बघितलं आणि शिवी हासडली.

"डिसेंबरात तू मुद्दाम चुकलास," गार्थ म्हणाला.

"सगळेच चुकतात."

"सगळे म्हणजे?"

"नावं नाही सांगणार. पहिल्याच आठवड्यात सांगतात नव्या पोराला. खालच्या पायरीवर बस, म्हणजे पडलास तरी कोणाला कळणार नाही."

"आणि त्या शिक्षिका?"

"त्यांचं खरंच वाईट वाटलं मला," कोरी म्हणाला. "केक करून आणायच्या. सहाव्या मंगळवारी मी एक अख्खं पान न अडखळता वाचलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काय करणार होतो मी?"

गार्थला हसू फुटलं आणि ते त्याने गिळलं. पिशवीतून बेकनचा गरम, खारट वास येत होता. पुढे वळणावर क्लबचे दिव्यांचे खांब दिसायला लागले आणि त्याला कळलं, आत्ता बोलायला हवं, कारण तिथे पोचल्यावर आपण पुन्हा वॉल्टर होऊ. "अकरा वाजता मी डॉक्टरांना सांगणार आहे," तो म्हणाला.

कोरी थांबला. "तुझ्या खोलीत बोललेलं खोलीबाहेर जात नाही म्हणतोस ना?"

"हे खोलीत नाही बोललो आपण. रस्त्यात बोललो, हातात सँडविच घेऊन."

"वा. मला म्हणतात वकील हो."

"आणि खोलीत बोललो असतो तरी सांगितलं असतं. पहिल्या दिवशी तुला म्हटलं होतं, जिवावरचं असेल तर पोटात ठेवणार नाही. तू मान डोलवली होतीस."

"मान सगळेच डोलवतात," कोरी म्हणाला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "आई येतेय अकराला. सुट्टी घेतलीय, केस करून घेतलेत. आजोबा दोन हंगाम राखीव बाकावर बसले, एकदाही आत उतरले नाहीत. आमच्या घरात क्रमांक नाही कोणाला, इबो. तुला आहे. तू सांगतोस मला?"

पहिल्या संघातून एकदा जरी खेळलं तरी क्लब एक क्रमांक देतो, तो जन्मभर आणि मेल्यावरही त्याचाच. वहिवाटच होती ती शंभर वर्षांची. गार्थचा आठशे एकसष्ट. कोरीला अकराशे चौऱ्याण्णव मिळायचा होता, आणि तो गळ्याखाली शिवलेली जर्सी आज अकरा वाजता आईसमोर त्याच्या हातात पडायची होती.

"तू आधी सांगितलंस तर मी तोंड उघडणार नाही," गार्थ म्हणाला. "अकराच्या आत. तुझ्या तोंडाने."

"चुगलखोर आहेस तू," कोरी म्हणाला, अगदी हळू, जणू माहिती देतोय. "आणि एक सांगतो. हे केलंस तर पुन्हा कोणी तुझ्या दारात येणार नाही. एकही पोरगा नाही." त्याने गार्थच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि दोन्ही पिशव्या सांभाळत तो पुढे निघून गेला. चढावर त्याचा तोल एकदा डावीकडे गेला. कोणी मुद्दाम बघत नसतं तर दिसलं नसतं.

मग दोन तास गार्थ आपल्या खोलीत बसून होता. पूर्वी तिथे बुटांची खोली होती आणि अजून दमट दिवशी चामड्याचा नि चिखलाचा वास भिंतीतून बाहेर येई. फोन समोर होता. उचलून डॉक्टरांना आत्ताच सांगितलं तर काम दोन मिनिटांचं, आणि पोराच्या डोक्याला धोका उरत नाही. धोका रविवारी होता, आज नव्हता; हे तो स्वतःला तिसऱ्यांदा समजावत होता. खरं कारण वेगळं होतं आणि तेही त्याला दिसत होतं. आपण सांगितलं तर कोरी वाचेल, पण वॉल्टरची दोन बोटं तशीच राहतील. पुढच्या डिसेंबरात पुन्हा कोणीतरी एखाद्या अठरा वर्षांच्या पोराला कोपऱ्यात घेईल आणि खालच्या पायरीवर बसायला शिकवेल, आणि वर हेही सांगेल की इबोपासून जपून. बाहेर जिममधून लोखंड आपटल्याचे आवाज येत होते, कोणीतरी कोणाला तरी म्हातारा म्हणत होतं. त्याने नकळत ओठांतल्या ओठांत महिने उलटे म्हणायला सुरुवात केली आणि या वेळी जानेवारीपर्यंत सरळ पोचला, पण त्याचा आनंद झाला नाही. घड्याळात अकराला पाच कमी होते. कोणीही दार वाजवलं नव्हतं. तो उठला, डॉक्टरांना बाजूला कुठे घ्यायचं हे मनात ठरवलं, आणि बैठकीच्या खोलीकडे निघाला.

खोली भरली होती. खेळाडू भिंतींना टेकून, डॉक्टर ओल्डरॉइड खिडकीपाशी, आणि पुढच्या खुर्चीत कोरीची आई जनीन लम, मांडीवर पर्स, ताठ बसलेली. रोज शहराची बस चालवणारी बाई आज हात कुठे ठेवावे या चिंतेत. गार्थ डॉक्टरांच्या दिशेने दोन पावलं सरकला, पण तेवढ्यात प्रशिक्षक स्टॅन्सफील्ड बोलायला लागले. ते कधीच लांबण लावत नसत. कप्तान आयझॅक थ्वेट, तेहेतीस वर्षांचा, मोडून वाकडं बसलेलं नाक, जर्सी दोन्ही हातांवर धरून पुढे आला. कोरी उभा राहिला. त्याने जर्सीकडे बघितलं, आणि हात मागे घेतले.

"मला ही आज घेता येत नाही," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं, गंमत समजून.

"डिसेंबरात मी मुद्दाम चुकलो. गेल्या शनिवारी लागलं ते खरंच लागलंय, उजेड सहन होत नाही. बुधवारी चाचणीत मी पाच शब्द सांगायचे ठरवले होते. पाच म्हणजे बरं दिसेल, असं." तो थांबला. "चारच सापडले. मी शोधले, पण पाचवा नव्हताच."

ती शांतता गार्थला अंगावर जाणवली, गार पाणी मानेवर पिळल्यासारखी. जनीन लमने तोंडावर हात नेला आणि लगेच खाली घेतला. खोलीतले सगळे थोरले खेळाडू जमिनीकडे बघत होते, आणि गार्थला वाटलं, आता हा पोरगा एकटा पडतो. काहीतरी बोलावं म्हणून त्याने श्वास घेतला. पण आयझॅक थ्वेटने जर्सीची नीट घडी घातली, ती टेबलावर ठेवली, आणि रिकामा झालेला उजवा हात वर केला.

"मीही," तो म्हणाला. "पाच वर्षं. हल्ली घरी मी फ्रीज उघडून उभा राहतो. धाकटी विचारते, बाबा काय शोधताय. मी म्हणतो, विचार करतोय."

मग खिडकीजवळ एक हात वर गेला. मग मागे दोन एकदम. मग भिंतीलगत, एकाने दुसऱ्याच्या बरगडीत कोपर मारल्यावर, आणखी एक. हातांवर पट्ट्या होत्या, बोटं वाकडी जुळलेली होती. गार्थने मोजायला सुरुवात केली आणि अकरापाशी सोडून दिलं, कारण समोरचं सगळं डोळ्यांत विरघळायला लागलं होतं. एवढी वर्षं हा खेळ पाहून त्याला वाटत होतं, आपण न पाहिलेलं असं धाडस या पोरांच्यात उरलेलंच नाही. समोर त्याच्या अंदाजाबाहेरचं काहीतरी उभं होतं, आणि ते एका एकोणीस वर्षांच्या पोराने सुरू केलं होतं.

"हात खाली घ्या, शाळा नाही ही," स्टॅन्सफील्ड म्हणाले. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. त्यांनी खिडकीबाहेर मैदानाकडे बघितलं. "डॉक्टर, एकाला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं," डॉक्टर ओल्डरॉइड म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "आणि शब्दांची यादी मी बदलणार आहे."

"सराव रद्द. खुर्च्या लावा." मग कोरीकडे वळून, "तू. हे बुधवारी सांगितलं असतंस तर माझे दोन दिवस वाचले असते."

"हो, कोच."

"जर्सी कपाटात राहील. क्रमांक कुठे पळून जात नाही." आणि गार्थच्या बाजूने दाराकडे जाताना, ओठ न हलवता, "रविवारी हरलो तर तुला वर्षभर चहा नाही."

त्या दुपारी डॉक्टरांच्या खोलीबाहेर जे चाललं ते गार्थने यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ज्या पोरांनी वर्षानुवर्षं मूर्ख दिसण्याचा सराव केला होता ती एका तासात हुशारीवर आली. "आठ." "माझे नऊ." "तू दाराला कान लावून घोकलेस." "थ्वेट, तुझे किती?" "सात, आणि गप्प बैस, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे मी." कोरीचे सहा आले. कोणी टिंगल केली नाही. थ्वेटने त्याला बाकावर आपल्या शेजारी जागा करून दिली आणि दोघे भिंतीकडे बघत बसले. थ्वेट धरून आणखी दोघांना डॉक्टरांनी रविवारी खेळू दिलं नाही. राखीव संघातून तीन पोरं वर घ्यावी लागली. संध्याकाळी पाचला, सगळं आटोपल्यावर, गार्थ डॉक्टरांच्या खोलीत शिरला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मलाही विचारा." त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि पहिला शब्द सावकाश म्हटला. त्याचे पाच आले. पुढे काय करायचं ते त्या बोलल्या, शहरात कोणाला भेटायचं ते लिहून दिलं. चिठ्ठी खिशात घालून बाहेर पडताना त्याला भीती वाटायला हवी होती, आणि ती होतीच, पण तिच्या खाली, गुडघ्यांपासून छातीपर्यंत, त्याला एक जुनं, धसमुसळं, जिंकल्याचं सुख जाणवत होतं, आणि या खेपेला ते कोणाकडून ऐकावं लागत नव्हतं. घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, ऑगस्टसकट.

रविवारी प्रेक्षकांत कोरी आई आणि गार्थच्या मधे बसला होता, काळा चष्मा, टोपी, कानांत बोळे. डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती अटींवर: ओरडायचं नाही, उडी मारायची नाही, ठणका लागला की उठून घरी. समोर गुणतक्त्यात सर्वांत वर असलेला संघ होता आणि अ‍ॅकर्स्लीकडून राखीवातली तीन पोरं थरथरत उतरली होती. मध्यंतराला चौदा-चार अशी पिछाडी होती. जनीनने थर्मासमधला चहा ओतला आणि गार्थला म्हणाली, "तुम्ही याला रस्त्यात काय म्हणालात ते कळलं तेव्हा शुक्रवारी मी तुम्हाला मारणार होते. त्याच्या हातात जर्सी देऊन फोटो काढायचा होता मला." "आता?" "आता अजून ठरवते आहे." मग दुसरा डाव सुरू झाला आणि त्या तिघांतल्या एकाने, ज्याचं नावही लोकांना येत नव्हतं, मधून वाट काढली, आणि मग आणखी एकदा, आणि शेवटच्या मिनिटाला थ्वेटच्या जागी खेळणाऱ्या पोराने दोन माणसं पाठीवर घेऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवला. अठरा-सोळा. आठ हजार लोक उभे राहिले. कोरी बसून राहिला, दोन्ही तळवे कानांवर दाबून, तोंड मिटून, आणि त्याचं सगळं अंग आतल्या आत ओरडत असल्यासारखं हलत होतं. गार्थने सामन्याचा शेवटचा क्षण पाहिलाच नाही, तो या पोराकडे बघत होता.

गलका ओसरला. कोरीने हात खाली घेतले, चष्मा काढला आणि गार्थकडे वळला. त्याचे डोळे रिकामे होते.

"इबो," तो म्हणाला. "आपण कुठे आहोत?"

जनीनच्या हातातला कप कलंडला. मग कोरीच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा.

"तुझं तोंड बघायला हवं होतंस," तो म्हणाला.

जनीनचा हात सवयीने वर गेला, कानशिलाच्या दिशेने, अर्ध्यात थांबला, आणि तिथून वळून पोराच्या खांद्यावर सप्पकन बसला.